संगणकाची लेखणी

संगणक अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात गेलेल्या मुलामुलींसमोर एक प्रश्न लवकरच उभा राहतो: प्रोग्राम लिहायचा कशात? वर्ड येथे उपयोगाचे नाही. त्याच्या फाइलीत अक्षरांबरोबर ठळकपणा, आकार, समास अशी पुष्कळ सजावट साठविलेली असते. प्रोग्राम चालविणाऱ्या यंत्रणेला त्या सजावटीचा अर्थ लागत नाही. तिला निव्वळ अक्षरे हवीत आणि ती लिहिण्याच्या साधनाला टेक्स्ट एडिटर म्हणतात. बहुतेक चांगले एडिटर विनामूल्य मिळत असल्याने या निवडीकडे घरात कोणी गंभीरपणे पाहत नाही. खरी किंमत मात्र बोटांना जडणाऱ्या सवयीत असते, आणि ती दहा-वीस वर्षे सुटत नाही.

सवय किती टिकते याचे उदाहरण मोठे मौजेचे आहे. १९७६ साली अमेरिकेत बर्कली येथे बिल जॉय या विद्यार्थ्याने व्हीआय हा एडिटर लिहावयास घेतला. त्याच्या टर्मिनलवर बाणांची स्वतंत्र बटणे नव्हती. एच, जे, के आणि एल या अक्षरांच्या बटणांवरच बाण छापलेले होते. कर्सर हलविण्यासाठी त्याने तीच अक्षरे योजिली. ते टर्मिनल कधीच अडगळीत गेले, पण जगभरचे प्रोग्रामर आजही त्याच चार अक्षरांवर बोटे ठेवून काम करतात.

व्हीआयचा सुधारित वारस म्हणजे विम. हॉलंडच्या ब्रॅम मूलेनार यांनी तो १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे युगांडातील किबाले येथील बालकेंद्रात त्यांनी स्वयंसेवक म्हणून काम केले आणि विमचे मूल्य म्हणून वापरणाऱ्याने तेथील गरजू मुलांसाठी यथाशक्ती देणगी द्यावी, एवढीच विनंती ठेवली. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. इतर स्वयंसेवकांनी काम थांबू दिले नाही.

याउलट ॲटमची कथा. गिटहब कंपनीने २०१४ मध्ये आणलेला हा देखणा एडिटर तरुणांत लोकप्रिय होता. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब विकत घेतली. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा व्हीएस कोड २०१५ पासूनच बाजारात होता. एकाच मालकाच्या दोन दुकानांत तोच माल किती दिवस ठेवणार? १५ डिसेंबर २०२२ रोजी ॲटम अधिकृतपणे बंद झाला. गंमत अशी, की ॲटमसाठी बांधलेल्या इलेक्ट्रॉन या पायावरच व्हीएस कोड उभा आहे. ॲटम वापरणाऱ्यांच्या फाइलींना मात्र धक्का लागला नाही. त्या साध्या अक्षरांच्या असल्याने कोणत्याही एडिटरमध्ये उघडतात. वही आपली, लेखणी तेवढी बदलली. सवयी व मांडणी नव्याने बसवावी लागली, हाच काय तो तोटा.

नवशिक्याने आज व्हीएस कोड घ्यावा हेच बरे. लिहितानाच तो चुका अधोरेखित करतो आणि शिकविणारे साहित्य त्यावर विपुल आहे. दोन गोष्टींचे भान मात्र ठेवावे. मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी त्याची प्रत वापराची माहिती कंपनीकडे पाठविते. सेटिंगमध्ये ते बंद करता येते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्याला जोडावयाची एक्स्टेन्शन्स कोणीही लिहून ठेवू शकतो आणि ती संगणकातील फाइली वाचू शकतात. ज्या लॅपटॉपवर दुकानाचे हिशेब व बँकेचे व्यवहार चालतात, त्यावर अनोळखी एक्स्टेन्शन घालणे म्हणजे वाटसरूच्या हाती तिजोरीची किल्ली देणे होय. शक्य असेल तर मुलांचा संगणक वेगळाच असावा. तो जुना व कमी मेमरीचा असल्यास व्हीएस कोड जड जातो. विंडोजवर नोटपॅड प्लस प्लस हलका पडतो.

विमची तोंडओळखही करून घ्यावी. नोकरीत दूरच्या सर्व्हरवर काम करताना पुष्कळदा व्हीआय किंवा विम एवढेच हाताशी असते. विमसोबतच विमट्यूटर नावाचा पाठ येतो. तो साधारण अर्ध्या तासात पुरा होतो. त्यातून बाहेर कसे पडावे हे न कळल्याने अडकलेल्यांचे विनोद प्रोग्रामर मंडळींत प्रसिद्ध आहेत. एस्केप दाबून अपूर्णविराम, मग क्यू आणि एंटर. न साठविता निघायचे असेल तर क्यूनंतर उद्गारचिन्ह द्यावे.