पॅन, आधार आणि एक रिकामा रकाना



१ जुलै २०२३ रोजी परदेशात राहणाऱ्या अनेक भारतीयांचे पॅन 'निष्क्रिय' झाले. कारण एकच, ते आधारला जोडलेले नव्हते. गंमत अशी की, अनिवासी भारतीयांना ते जोडण्याचे बंधन कायद्याने कधीच घातलेले नव्हते. मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या वेळी हा प्रश्न अजून निघतो, "आपल्याला सूट आहे ना, मग पॅन बंद कसा पडला?" आम्ही पडलो संगणकवाले. दोन वेगवेगळे डेटाबेस एकमेकांशी बोलते करणे हाच आमचा पोटापाण्याचा धंदा. तेव्हा या प्रश्नाकडे त्या बाजूने पाहावे म्हटले.

आधी थोडी पार्श्वभूमी. २०१७ च्या वित्त कायद्याने १९६१ च्या आयकर कायद्यात १३९एए हे कलम घातले आणि पॅन-आधार जोडणी सक्तीची झाली. ११ मे २०१७ च्या अधिसूचनेने चार गटांना त्यातून वगळले : आसाम, मेघालय आणि जम्मू-काश्मीरचे रहिवासी, वयाची ८० वर्षे गाठलेले, भारताचे नागरिक नसलेले, आणि आयकर कायद्यानुसार अनिवासी असलेले. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले. मुदत मात्र पुढे पुढे जात राहिली आणि अखेर ३० जून २०२३ ला संपली.

आता हे चार गट संगणकाच्या नजरेने पाहा. ऐंशी वर्षांच्या आजोबांना शोधणे सोपे, कारण जन्मतारीख पॅनच्या नोंदीतच असते. आसामचा रहिवासी पत्त्यावरून कळतो. पण अनिवासी? ते ना नावावरून कळते, ना जन्मतारखेवरून. आपल्यापैकी बहुतेकांनी पॅन काढला तो पहिल्या नोकरीच्या वेळी, पुण्या-मुंबईत असताना. नोंदीत तेव्हा जे लागले ते 'निवासी'. पुढे व्हिसा लागला, विमानात बसलो, मुले इथल्या शाळेत जाऊ लागली, पण पॅनच्या नोंदीला हे सांगणार कोण?

त्यातही एक मेख आहे. जन्मतारीख माणसाला एकदाच चिकटते. निवासी की अनिवासी हे मात्र दर आर्थिक वर्षाला नव्याने ठरते, मुख्यतः भारतात किती दिवस राहिलात यावरून. साधारण नियम १८२ दिवसांचा, त्याला पोटनियम बरेच. म्हणजे ही खरे तर 'माणूस आणि वर्ष' अशा जोडीची माहिती. ती माणसासमोरच्या एकाच रकान्यात ठेवली की ती शिळी होणारच. दर वर्षीचे उत्तर विवरणपत्रात मिळते, पण ज्यांचे भारतातले उत्पन्न करपात्र मर्यादेखाली आहे असे कितीतरी जण विवरणपत्र भरतच नाहीत. त्यांनी काही चूक केली नाही, पण ते गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ 'निवासी' असा लावला गेला.

आमच्यापैकी एकाने काही वर्षांपूर्वी दोन कंपन्यांच्या ग्राहकांच्या नोंदी एकत्र करण्याचे काम केले. एकीकडे 'जाहिरातीची पत्रे नकोत' असा रकाना होता, दुसरीकडे तो नव्हताच. जोडताना रिकाम्या जागी 'हरकत नाही' असे भरले गेले. ज्यांनी कागदावर लेखी नकार दिला होता त्यांना झाडून पत्रे गेली. प्रोग्रॅममध्ये दोष शोधून सापडेना, कारण प्रत्येक ओळ सांगितल्याप्रमाणेच चालत होती. 'माहीत नाही' आणि 'नाही' यांतला फरक कोणी ठेवलाच नव्हता. पॅनच्या बाबतीत आम्हाला हेच झालेले दिसते. सूट कायद्यात होती, पण डेटाबेसपर्यंत पोहोचण्याची तिची वाट बांधलेली नव्हती.

ज्यांनी जोडायचे ठरवले त्यांची वेगळीच तऱ्हा. आधारचा डेटाबेस जुळणी करताना आपली माहिती देत नाही, पाठवलेले नाव, जन्मतारीख आणि लिंग जुळते की नाही एवढेच सांगतो. खाजगीपणाच्या दृष्टीने हे चांगलेच. पण पॅनच्या अर्जात आडनाव, नाव आणि मधले नाव यांचे वेगळे रकाने, तर आधारवर पूर्ण नाव एका ओळीत. सुरुवातीच्या कित्येक आधार कार्डांवर जन्माचे फक्त वर्षच छापलेले. त्यात आपली मराठी नावे! ज्ञानेश्वर 'डीएनवाय'ने सुरू करायचा की 'जेएन'ने? दीक्षितांच्या मध्यभागी 'एक्स' की 'केएस'? मधले नाव वडिलांचे की नवऱ्याचे? लग्नानंतर आडनाव बदलले तरी पॅनचा क्रमांक तोच राहतो, आणि त्याचे पाचवे अक्षर असते माहेरच्या आडनावाचे आद्याक्षर. माणसाला यात काही खटकत नाही, यंत्राला खटकते.

नुकसान काय होते? एनआरओ खात्याच्या व्याजावर बँक ३० टक्के कर कापते, वर उपकर. उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरून तो परत मागता येतो, पण पॅन निष्क्रिय असेल तर परतावा थांबतो आणि त्या काळाचे व्याजही मिळत नाही. भारतातल्या मंडळींनाही याची झळ लागली. निवासी विक्रेत्याचे ५० लाख किंवा त्याहून महाग घर घेताना खरेदीदाराने १ टक्का कर कापायचा असतो. विक्रेत्याचा पॅन निष्क्रिय असला तर दर २० टक्के. ६० लाखांच्या फ्लॅटवर ६० हजारांऐवजी १२ लाख! पॅन विक्रेत्याचा, नोटीस मात्र खरेदीदाराला. एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने यात सवलत दिली, तीही ३१ मार्च २०२४ पर्यंतच्या व्यवहारांना आणि ३१ मे २०२४ पर्यंत पॅन सक्रिय झाला तरच.

अनिवासींबाबत आयकर खात्याने जुलै २०२३ मध्येच खुलासा केला. मागच्या तीन कर-निर्धारण वर्षांपैकी एकदा तरी ज्यांनी विवरणपत्र भरले होते, किंवा आपल्या अधिकाऱ्याला कळवले होते, त्यांची नोंद 'अनिवासी' अशी केलेली होती. बाकीच्यांनी, आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय मंडळींनीही, आपल्या क्षेत्राच्या कर-निर्धारण अधिकाऱ्याला कागदपत्रांसह कळवायचे. खुलासा योग्यच होता. पण हाच प्रश्न ३० जूनच्या आधी विचारला असता, आणि 'माहीत नाही' या गटाचे पॅन तेवढे बाजूला ठेवले असते, तर? आमच्या धंद्यात याला एक-दोन दिवसांचे काम म्हणतात. सरकारी यंत्रणेत ते एवढे सोपे नसेल हे मान्य, पण मुदत सहा वर्षे लांबत होती, हेही खरे.

ज्यांनी अजून पाहिलेले नाही त्यांनी आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर आपल्या प्रोफाइलमध्ये काय लिहिले आहे ते एकदा पाहून घ्यावे. आपला अधिकारी कोण, तेही तिथेच कळते. पॅनची प्रत आणि परदेशातले वास्तव्य दाखवणारी पासपोर्टची पाने जोडून त्यांना लिहावे. घर विकायचे मनात असेल तर खरेदीदार मिळण्याच्या आधी. आणि जी कुटुंबे कायमची परत निघाली आहेत त्यांच्यासाठी हिशेब उलटा : निवासी झालात की अनिवासी म्हणून मिळालेली सूट संपली, मग आधार जोडावेच लागते.