उचलीचे वर्ष आणि शाळेचे वर्ष

आदिवासींना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, हे पांढरपेशांचे आवडते निदान आहे. रायगड-पालघरमधील एखाद्या कातकरी कुटुंबाचा जमाखर्च पाहिला तर ते टिकत नाही. पावसाळ्यात घरातले धान्य संपते, वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घ्यावी लागते आणि ती फेडण्यासाठी दिवाळीनंतर सारे बिऱ्हाड भट्टीवर जाते. ते परतते पावसाच्या तोंडावर; शाळेचे दुसरे सत्र तोवर संपलेले असते. आईबाप विटा पाडत असताना तान्ह्या भावाला सांभाळणारी आठ वर्षांची मुलगी हजेरीपटावर गैरहजर असते, कुटुंबाच्या हिशेबात मात्र ती कामावर असते. २००९ च्या कायद्याने शिक्षणाच्या हक्काची ग्वाही दिली. तिच्या या श्रमाची किंमत कोणी धरली नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. डहाणूजवळच्या कोसबाडला त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र होती. आजची हंगामी वसतिगृहे थोरल्या मुलीला गावी ठेवून घेतात. मग तान्ह्याला कोणी पाहायचे? पाळणाघर भट्टीपाशीच हवे.

आणि मदत उचलीच्या आधी हवी. २०२० साली शासनाने कुटुंबामागे ४,००० रुपयांचे खावटी अनुदान मंजूर केले होते. तशी मदत दर पावसाळ्यात मिळाली तर उपयोग. दिवाळीनंतर आली तर घराला कडी लागलेली असते.