विस्तार म्हणजे व्याख्या नव्हे

संगणकप्रणालीच्या माहितीपुस्तिकेला बहुधा परिभाषेची सूची जोडलेली असते. तिच्यातील आद्याक्षरी संज्ञांच्या नोंदी पुष्कळदा एकाच साच्याच्या आढळतात : ‘यूटीएफ-८ : युनिकोड ट्रान्सफॉर्मेशन फॉरमॅट, ८ बिट’. मराठी सूचीत हाच विस्तार देवनागरीत उतरवून ठेवला, अथवा त्याचा शब्दशः तर्जुमा केला, तरी वाचकाच्या पदरी अर्थ पडत नाही. विस्तार ही संज्ञेची व्युत्पत्ती होय, व्याख्या नव्हे.

शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने राज्यकारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तेथे तेवढे पुरेसे होते; कारण त्या शब्दांमागील वस्तू व अधिकारपदे कारभाऱ्यांच्या नित्य परिचयाची होती. नाव बदलावयाचे होते, वस्तू समजावून द्यावयाची नव्हती. संगणकाच्या परिभाषेत वस्तूच अपरिचित असते. तिला केवळ दुसरे नाव देऊन भागत नाही.

वरील नोंदच पाहावी. ‘८ बिट’ या शब्दांवरून प्रत्येक चिन्ह ८ बिटांत, म्हणजे १ बाइटात मावते, असा ग्रह होतो. रोमी अक्षरांपुरता तो खरा आहे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला मात्र ३ बाइट लागतात, आणि मात्रा व हलन्तचिन्ह यांची गणना स्वतंत्र होते. त्यामुळे ‘ज्ञानेश्वर’ हे नाव १० चिन्हांचे, म्हणजे ३० बाइटांचे ठरते. नावाच्या रकान्याला २० बाइटांची मर्यादा असल्यास ‘ज्ञाने’ एवढेच शाबूत राहते. पुढील ‘श’ मध्येच तुटतो. रोमी लिपीत हेच नाव ११ अक्षरांत बिनदिक्कत मावते. रकाना आखणाऱ्याला सूचीने हा भेद सांगितला नाही, तर त्याचा भुर्दंड नाव असणाऱ्याला सोसावा लागतो.

म्हणून नोंदीत विस्ताराखेरीज तीन गोष्टी हव्यात : एका वाक्याची व्याख्या, संज्ञा कोठे भेटते याचा निर्देश, आणि निकटच्या संज्ञेशी असलेला भेद. युनिकोड चिन्हांना क्रमांक देते; ते क्रमांक बाइटांत कसे लिहावयाचे हे यूटीएफ-८ ठरविते. एवढ्या दोन वाक्यांनीही बराच घोटाळा टळेल. आद्याक्षरे मात्र बदलू नयेत. पडद्यावर वाचकाला तीच दिसतात.

अशाने सूची फुगेल, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय नोंदी कमी करण्याचा आहे, अर्थ कमी करण्याचा नव्हे. पुस्तिकेत एकदाच येणारी संज्ञा तेथल्या तेथे उलगडावी.

हे काम केवळ तंत्रज्ञांचे नाही. लक्षण अव्याप्ती व अतिव्याप्ती या दोषांपासून मुक्त असावे, हे भारतीय शास्त्रपरंपरेने फार पूर्वी शिकविले. ती कसोटी या सूच्यांना लावण्यास भाषांचे अभ्यासकच अधिक समर्थ आहेत.