जोंगाच्या गावात सेकंडहँड एमटीबी

दिवाळी सरली की आपल्या धंद्यात एक ठरावीक प्रश्न येऊ लागतो. पुण्या-बंगळूरच्या हौशी मंडळींनी नवी सायकल घेतलेली असते, जुनी विकायला काढलेली असते आणि चंद्रपूर, अमरावती किंवा जबलपूरचा एखादा पोरगा मोबाइलवर तिचे फोटो घेऊन दुकानात उभा राहतो. दीड लाखाची एमटीबी पंचेचाळीस हजारांत मिळतेय, तेवढ्यात शोरूमची नवी साधी हार्डटेलही येते, तर काय घेऊ? आपण चहा पिता पिता फुकट उत्तर देऊन टाकतो. ते उत्तर बहुधा आपल्याच सोयीचे असते. शोरूमवाला नवी घे म्हणतो, वर्कशॉपवाला जुनी.

या वेळी उदाहरणाला जबलपूर घेतो, कारण तिथे ही निवड जरा उघडी पडते. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची, मागाहून खमरियाची आयुधनिर्माणी, मग व्हेइकल फॅक्टरी. पाळी सुटली की सायकलींचा लोंढा रस्त्यावर यायचा, असे हे गाव. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या मराठी घरांतही फॅक्टरीची नोकरी आणि काळी सायकल नवी नाही. त्यामुळे छर्रे बदलणारे, ताड्या ओढून रीमचा आउट काढणारे हात तिथे पूर्वीपासून आहेत. एमटीबी चालवायला जागाही अस्सल आहे: मदनमहालच्या टेकड्यांचा ग्रॅनाइट, खंदारी जलाशयालगतचे डुमन्याचे जंगल, भेडाघाट आणि बरगीकडचे रस्ते. पण झिजलेल्या ग्रॅनाइटची भरड वाळू आणि पावसाळ्यातली नर्मदाखोऱ्याची काळी चिकट माती यांच्याइतका फोर्कच्या सीलचा वैरी दुसरा नाही. पुण्यात धुऊन-पुसून ठेवलेल्या फोर्कला इथे एक पावसाळा पुरतो.

जबलपूरकरांनी हा सौदा एकदा फार मोठ्या मापात पाहिला आहे. निस्सानच्या परवान्यावर तिथल्या व्हेइकल फॅक्टरीत बनलेली जोंगा, चार लिटरच्या पेट्रोल इंजिनाची, लष्कराने निकाली काढल्यावर लिलावात लोकांच्या हाती आली. नव्या साध्या जीपपेक्षा कितीतरी दणकट गाडी, आणि स्वस्त! पण खरेदी झाली की पेट्रोलचा आणि सुट्या भागांचा हिशेब सुरू व्हायचा. कित्येकांनी वैतागून डिझेल इंजिन बसवून घेतले. तरी जबलपुरात त्या गाडीला माहेर होते. तिची नस ओळखणारे निवृत्त फिटर गल्लीबोळांत होते. परगावी गेलेल्या जोंगांना तो आधार नव्हता.

सेकंडहँड एमटीबीचे गणित हेच आहे. ग्राहक पंचेचाळीस हजार देतो, पण सायकल खर्च मागते दीड लाखाच्या हिशेबाने. बारा गियरच्या वरच्या दर्जाच्या कॅसेटची आणि चेनची किंमत सहज पाच आकड्यांत जाते, सायकल कितीला घेतली याचे त्यांना सोयरसुतक नाही. रॉकशॉक्ससारखी कंपनी फोर्कच्या खालच्या नळ्यांची सर्व्हिस ५० तासांनी करा म्हणते. दर रविवारी तीन तास चालवली तर चार महिन्यांत ती वेळ येते. गावात फोर्क उघडणारा माणूस आणि सील असतील तर उत्तम. नसतील तर नागपूर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर, नाहीतर पुण्याला कुरिअर आणि तेवढे दिवस सायकल भिंतीला टेकून.

म्हणून माझे मत सरळ सांगतो. जबलपूरसारख्या गावात सेकंडहँड फुल सस्पेन्शन घेऊ देऊ नका, विशेषतः कार्बनची. मागचा शॉक, पिव्हटची बेअरिंगे, दोन्ही बाजूंची झीज: हे सगळे सांभाळणारा मिस्त्री शेजारी नसेल तर तो पैसा पाण्यात. हार्डटेलची गोष्ट वेगळी. एअर फोर्क, अलॉय फ्रेम, नऊ किंवा दहा गियर अशी जुनी उत्तम हार्डटेल नव्या स्वस्त सायकलीला बहुतेक बाबतींत मागे टाकते. गंमत पाहा, २६ इंची चाकाची दहा-बारा वर्षांपूर्वीची महागडी सायकल मोठ्या शहरात कोणी विचारत नाही. २९ इंची चाकापुढे तिला जुनाट म्हणतात. आणि नेमक्या २६ इंची ट्यूबा-टायर आपल्याकडे कुठल्याही तालुक्याच्या दुकानात टांगलेले असतात, कारण स्वस्तातल्या रेंजर छापाच्या सायकली त्याच मापावर चालतात. नऊ गियरची चेन-कॅसेटही परवडते. मोठ्या शहराने टाकलेला हा माल छोट्या गावाला सोन्यासारखा आहे, फक्त उंचीप्रमाणे फ्रेम बसली पाहिजे.

नव्या स्वस्त सायकलीचीही बाजू आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला; बिलाशिवायच्या जुन्या व्यवहारात त्यातले काही नाही. वॉरंटी मिळते, माप मिळते. पण तिचा पुढचा शॉकअप बहुतेक वेळा नुसती स्प्रिंग असते, उसळी आवरणारे काही आत नसते आणि वजन मात्र दोन-अडीच किलोचे. त्यापेक्षा साधा कडक चिमटा परवडला. दुसरी मेख मागच्या हबमध्ये असते. सात गियरचे आट्यावर बसणारे फ्रीव्हील असले की उजवीकडचे बेअरिंग बरेच आत राहते, ॲक्सलचा तो भाग उघडा पडतो आणि दगडांवर आपटून वाकतो. वाकलेले ॲक्सल आपण महिन्याला किती बदलतो, ते तुम्ही मला सांगू नका. फॅक्टरीत, कॉलेजात जायला आणि कधीमधी डुमन्याला चक्कर मारायला ती सायकल पुरते. मदनमहालच्या दगडांवरून उतरायला नाही. आणि त्याच किमतीत ‘डबल शॉकर’ खपवणाऱ्या दुकानदारांशी माझे भांडण जुनेच आहे.

तर मग पोरगा सायकल घेऊन आला, किंवा खोक्यातून उतरवून तुमच्यासमोर ठेवली, तर काय पाहायचे? आधी मळ धुवा. मळाखाली तडा लपतो. हेडट्यूब आणि खालची नळी जिथे जुळतात तिथे बॅटरीचा उजेड तिरका पाडून पाहा, रंगावरची केसासारखी रेघ नखाला लागते का बघा. फोर्कच्या चकचकीत नळीवरून नख फिरवा, अडले तर लेप उतरलाय. पाच-सहा वेळा दाबून सोडा: तेलाची पुसटशी ओल चालेल, कडे उमटले तर सील गेले. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा आणि दोन नळ्यांच्या सांध्यावर बोट ठेवा; बुश ढिले असतील तर बोटाला टक् लागतो.

चेनच्या बारा पूर्ण कड्या पट्टीवर बरोबर बारा इंच भरायला हव्यात. एक सूत, म्हणजे आठवा भाग जास्त भरला तर चेनबरोबर कॅसेटही गेली समजा. अर्धे सूत जास्त असेल तर नुसती चेन बदलून भागण्याची आशा आहे. पण विकणारेही हुशार असतात, झिजलेल्या कॅसेटवर नवीकोरी चेन चढवून फोटो काढतात. म्हणून मधल्या गियरवर चढाला उभे राहून पायडल मारा. दात झिजले असतील तर चेन उडी मारते, मग पट्टी काहीही म्हणो.

मागचा गियर ज्या छोट्या पत्र्यावर लटकतो तो हँगर बहुधा प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. पार्सलच्या खोक्यात हमखास वाकतो आणि मिळता मिळत नाही. सौदा करतानाच एक जादा हँगर मागून घ्यायला सांगा. विकणाऱ्याला तो पाठवणे जड वाटले तर त्या सायकलीचे पुढे काय होणार याचा अंदाज तिथेच येतो. बीबीच्या खाली कोरलेला नंबर आणि मूळ बिल जुळते का, हेही पाहा. चोरीची सायकल आपल्या दुकानात दुरुस्त झाली, ही बोलवा कुणालाच नको.

एवढे सगळे नीट पाहायला तास-दीड तास लागतो. तो फुकट का द्यायचा? मोटारवाले मेकॅनिक जुनी गाडी बघण्याचे पैसे घेतात आणि गिऱ्हाईक ते मुकाट देते. आपण मात्र ‘घे रे, चांगली आहे’ म्हणून मोकळे होतो आणि दोन महिन्यांनी शिव्या खातो. लेटरहेडच्या अर्ध्या पानावर तपासणीची चिठ्ठी द्या: काय झिजले, काय वर्षभरात बदलावे लागेल, त्याला आजच्या भावाने किती पैसे, आणि त्यातले कोणते काम तुमच्याकडे होईल, कोणते बाहेर पाठवावे लागेल. शेवटची ओळ लिहायला आपल्याला जड जाते, पण गिऱ्हाइकाचा निर्णय बहुधा तिच्यावरच ठरतो. खर्चाची बेरीज सायकलीच्या मागितलेल्या किमतीच्या निम्म्यावर गेली तर नवीच घे म्हणून लिहा, जरी ती समोरच्या दुकानातली असली तरी.

दर तुमच्या गावाप्रमाणे ठरवा. एक साधे ओव्हरहॉल ज्या भावाने करता त्याच्या निम्मा असावा, असे मला वाटते. सायकल घेतली तर पहिल्या सर्व्हिसिंगमधून ती रक्कम वजा करा. नाही घेतली तर पैसे तुमचे, आणि पुढची सायकल दाखवायला तो पोरगा तुमच्याकडेच येतो.