‘अमक्याची आई’ मतदार कशी होणार?

पाश्चात्त्य देशांत स्त्रियांना मताधिकारासाठी प्रदीर्घ लढा द्यावा लागला आणि आपल्याकडे मात्र राज्यघटनेने तो न मागता बहाल केला, असे विधान महिला दिनाच्या व्यासपीठावरून दरवर्षी ऐकू येते. ते अर्धसत्य आहे. लढा येथेही झाला, आणि त्यात आपल्याच व्यवसायातील एक वऱ्हाडकन्या होती, याची नोंद डॉक्टरांच्या स्मरणिकेत तरी असावयास हवी.

डिसेंबर १९१७ मध्ये मद्रास येथे भारतमंत्री माँटेग्यू यांना सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ भेटले. त्यात डॉ. जोशी होत्या. अमरावतीचे नामांकित वकील मोरोपंत जोशी यांची ही कन्या मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेली. पुढे राणी लक्ष्मीबाई राजवाडे या नावाने त्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा झाल्या. पांढुर्ण्याहून अमरावती ती कितीशी दूर! तरीही आपल्यापैकी कितीजणांनी हे नाव ऐकले असेल, याची मला शंका आहे.

मागणी तेव्हा फेटाळली गेली. १९१९ च्या कायद्याने निर्णय प्रांतांवर सोपविला. मद्रास व मुंबईने १९२१ मध्ये दार उघडले, आपल्या मध्य प्रांतात १९२७ साल उजाडावे लागले. शिवाय मत मिळाले ते मालमत्ता असणाऱ्यांस, आणि खसऱ्यावर बाईचे नाव असणार कोठून? १९३५ च्या कायद्याने यावर तोड काढली, ती अशी की मालमत्ताधारक मतदाराची पत्नी किंवा विधवा हीही मतदार व्हावी. साक्षर स्त्रीलाही मत मिळाले, पण ‘अमक्याची पत्नी’ ही मताची पात्रता ठरली ती येथे. महिला संघटनांना हे रुचले नव्हते. त्यांची मागणी सरसकट प्रौढ मताधिकाराची होती.

ती राज्यघटनेने पूर्ण केली. पण खरी कसोटी त्यानंतरच लागली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची यादी करताना असंख्य स्त्रियांनी परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगितलेच नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढीच नोंद झाली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत, असा आदेश दिला. नावे मिळविण्याचे प्रयत्न झाले, बिहारसाठी एक महिना वाढवूनही दिला गेला. अखेर सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी अठ्ठावीस लाखांच्या नोंदी वगळाव्या लागल्या. त्या मुख्यत्वे उत्तरेकडच्या राज्यांतील होत्या. आज आपल्या मध्य प्रदेशात असलेले तेव्हाचे मध्य भारत व विंध्य प्रदेश हे त्यांतलेच. सेन यांचा निर्णय काहींना कठोर वाटतो, मला तो न्यायाचा वाटतो. नवऱ्याच्या आडोशाने मिळणारे मत त्यांनी नाकारले, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत बाईला आपले नाव उच्चारावे लागले.

आपण मराठी माणसांनी यावरून उत्तरेला हसू नये. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने सुनेचे नवे नाव लिहिणारे आपणच. नरखेड-वरूडची लेक पांढुर्णा-सौंसरात सून होऊन येते, तेव्हा शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरे आणि घरात हाक मारायला तिसरे, अशी तिची तीन नावे होतात. यादीच्या पडताळणीत अडखळते ती हीच.

डॉक्टरांचा यात काय संबंध, असे कोणी विचारील. आहे, आणि तो कायद्याने आणखी वाढविला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बालकांसाठी शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा धरला जाणार आहे. म्हणजे आपल्या प्रसूतिगृहात त्या महिन्यात जन्मलेली मुलगी २०४१ साली अठरा वर्षांची होईल आणि त्यानंतर मतदार होईल, ती आपण भरून पाठविलेल्या कागदावर. तो कागद भरताना बहुधा नातेवाइकाला विचारले जाते, शेजारी खाटेवर असलेल्या आईला नव्हे! तो सासरचे नाव सांगतो, कधी लाडाचेही. बाळाच्या नावाचा रकाना तर रिकामाच जातो. पाळण्यावरच्या पट्टीवर ‘बेबी ऑफ’ पुढे आईचे नाव असते. मुलगा असो वा मुलगी, आईच्या नावाने ओळखले जाण्याचे भाग्य तेवढ्या दोन-चार दिवसांचेच.

बारा महिन्यांच्या आत मुलाचे नाव जन्मनोंदीत विनाशुल्क घालता येते, पुढे विलंबशुल्कासह पंधरा वर्षांपर्यंत. तेव्हा आपल्या बालरोग व स्त्रीरोगतज्ज्ञ बंधुभगिनींना माझी एकच सूचना आहे. प्रसूतीच्या कागदावर आईचे नाव तिच्याच तोंडून, शाळेच्या दाखल्याप्रमाणे विचारून लिहावे. आणि नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीसाठी बाळ येते, तेव्हा लसीकरणाच्या कार्डाबरोबर जन्मदाखलाही मागून पाहावा. नावाची जागा कोरी असेल, तर अजून तीन महिने हाताशी असतात.