ब्रेक लागतो, पण सुटतो का?

सर्व्हिसिंग होऊन मोटरसायकल हातात आली की मालक गल्लीतच एक फेरी मारतो, ब्रेक दाबतो आणि गाडी जागच्या जागी थांबली की निश्चिंत होतो. मेकॅनिकनेही तेवढंच पाहिलेलं असतं. ब्रेकची कामं मात्र दोन आहेत, चाक धरणं आणि ते सोडणं. यातलं दुसरं काम तपासायची आपल्याकडे पद्धतच नाही. मग मागचा ब्रेक चिकटून राहतो, डिस्क तापते, करपल्याचा वास येतो, ॲव्हरेज पडतं आणि गॅरेजमधलं उत्तर ठरलेलं असतं : पॅड बदला. तेवढ्याने भागलं नाही तर डिस्क बदला. माझ्या मते हा उलटा क्रम आहे. ब्रेक का सुटत नाही हे शोधण्याआधी सुटे भाग बदलत सुटलं, तर गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि धोका होता तिथेच राहतो.

चिकटण्याचं एक कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. पेडलला जोडलेला पुश रॉड मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ढकलतो, दाबलं गेलेलं ब्रेक ऑईल कॅलिपरच्या पिस्टनला पुढे सारतं आणि पॅड डिस्कला भिडतात. पाय उचलला की मास्टर सिलिंडरमधला रबरी वॉशर मागे सरकतो आणि ऑईलच्या टाकीकडे जाणारं एक अगदी बारीक भोक उघडं होतं. तापून फुगलेलं ऑईल त्या भोकातून टाकीत परततं. आता पेडलची उंची पायाला जुळवून घेताना पुश रॉड जरा लांब ठेवला गेला आणि पेडलला मोकळा प्लेच उरला नाही, तर वॉशर भोकावर बसून राहतो. जुन्या ऑईलचा गाळ भोकात अडकला तरी परिणाम तोच. फुगणाऱ्या ऑईलला परतीची वाट नसते, म्हणून ते पॅडच रेटतं. पॅड घासतात, उष्णता वाढते, ऑईल आणखी फुगतं. पेडलवर पाय नसताना ब्रेक आपोआप लागत जातो आणि शेवटी चाक जाम होतं. गाडी तासभर उभी राहिली की ऑईल निवतं, आकसतं आणि चाक पुन्हा मोकळं फिरू लागतं. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत दोष पसार झालेला असतो आणि मालकाचं बोलणं कुणी मनावर घेत नाही.

म्हणूनच तपासणी गाडी तापलेली असताना व्हायला हवी. मागचा ब्रेक न दाबता दोन-तीन किलोमीटर सपाट रस्त्यावर गाडी चालवावी आणि डिस्कवर पाण्याचे थेंब टाकावेत (बोट लावू नये). थेंब चरचरत उडाले तर दोष आहे. मग गाडी डबल स्टँडवर घ्यावी आणि चाक जड असतानाच कॅलिपरच्या निपलला नळी लावून ती बाटलीत सोडावी व निपल किंचित सैल करावं. ऑईल जोरात आलं आणि चाक मोकळं झालं, तर दाब वर अडकलेला आहे : पुश रॉड, मास्टर सिलिंडर किंवा आतून फुगलेला होज पाइप पाहायला हवा. निपल उघडूनही चाक जडच राहिलं तर कॅलिपर खोलावा, कारण पिस्टन गंजलेला असतो किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना सुकलेल्या असतात. एका पान्याने आणि हातभर नळीने होणारी ही चाचणी आहे. ती टाळून पॅड बदलले तर दुखणं वाढूही शकतं. नवे पॅड जाड असतात, म्हणून पिस्टन आत ढकलावा लागतो; त्याचा इतके दिवस बाहेर राहून मळलेला भाग साफ न करताच सीलमधून आत रेटला, तर पुढच्या वेळी तो आणखी अडकतो.

यावर कुणी म्हणेल, ब्रेक थोडा घासणारच. खरं आहे. डिस्क ब्रेकचे पॅड नेहमीच हलके टेकलेले असतात आणि बारीक आवाज येणं हा दोष नव्हे. प्रश्न न वापरलेल्या ब्रेकच्या तापण्याचा आहे. दुसरा आक्षेप असा की चालकच पेडलवर पाय टेकवून गाडी चालवतात. तेही खरं आहे आणि ती सवय सोडायलाच हवी. पण म्हणून यंत्र न तपासताच चालकाला दोष देता येत नाही. गाडी थांबवण्याचं मुख्य काम पुढचा ब्रेक करतो, मागच्याचं एवढं काय, असाही एक युक्तिवाद होतो. तो मला धोकादायक वाटतो. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषत राहतं. ताज्या डॉट ४ ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावरची मर्यादा १५५ अंशांची आहे. कोकणातल्या दमट हवेत जुनं झालेलं ऑईल आणि आंबोलीसारखा घाट उतरताना चिकटलेला ब्रेक, असं जुळून आलं की ऑईल उकळतं, वाफ धरते आणि पेडल तळाला जातं. शिवाय एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं आहे. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही लागतो. अशा गाडीत पेडलचा प्ले चुकला तर त्याची झळ पुढच्या चाकालाही पोचू शकते.

ड्रमवाल्या गाड्यांची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. चेन ताणताना मागचं चाक मागे सरकतं, त्याबरोबर ब्रेकची सळई ताणली जाते आणि पेडलचा प्ले कमी होतो. साधारण २० ते ३० मिलिमीटर प्ले पुन्हा जुळवून दिला नाही तर लायनर ड्रमला घासत राहतो. चेन ताणून द्यायची आणि सळईच्या नटाला हातही लावायचा नाही, हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

एवढ्या तपासणीला वेळ कुठे आहे, असं गॅरेजवाले म्हणतील. दिवसाला गाड्या मोजून पैसे मिळत असतील तर त्यांची अडचण खरी आहे, पण तिची किंमत गिऱ्हाइकाने मोजायची नसते. तपासणीची मजुरी वेगळी लावावी. नको असलेल्या डिस्कपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडेल. सरकारकडूनही अपेक्षा आहे. बीएस-६ गाडीची पीयूसी दरवर्षी करावी लागते, खासगी दुचाकीचे ब्रेक मात्र नोंदणीची १५ वर्षं संपेपर्यंत सक्तीच्या तपासणीत येत नाहीत. निदान कंपन्यांनी सर्व्हिसिंगच्या जॉब कार्डवर तीन नोंदी बंधनकारक कराव्यात : पेडलचा प्ले किती, ब्रेक दाबून सोडल्यावर चाक हाताने मोकळं फिरतं का, आणि ब्रेक ऑईल शेवटचं कधी बदललं. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगितलेलं आहे. गाडी ताब्यात घेताना मालकाने ही तारीख विचारावी, आणि ती सांगता आली नाही तर ऑईल बदलून घेतल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये.