नव्वद दिवसांनंतरचे निलंबन

निलंबन ही शिक्षा नव्हे, असे नियम सांगतात. कोलारच्या सोन्याच्या खाणीतील सुरक्षा अधिकारी कॅप्टन एम. पॉल अँथनी यांना मात्र त्याची जबर किंमत मोजावी लागली. घरझडतीत साडेचार ग्रॅमची सोन्याची गोळी आणि १,२७६ ग्रॅम सुवर्णमिश्रित वाळू सापडल्याचा आरोप ठेवून त्यांना जून १९८५ मध्ये निलंबित करण्यात आले. निर्वाह भत्ता मिळाला नाही. केरळातल्या घरून चौकशीसाठी कोलारला यायलाही पैसे नव्हते. चौकशी त्यांच्या गैरहजेरीत उरकली आणि नोकरी गेली. १९८७ मध्ये फौजदारी न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, पण कामावर परत घेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाकडून मिळायला १९९९ साल उजाडले.

निर्वाह भत्ता हा उपकार नाही. महाराष्ट्रात एकेकाळी शिक्षेविरुद्ध अपील प्रलंबित असलेल्या निलंबित कर्मचाऱ्याला महिन्याला एक रुपया देण्याची तरतूद होती. सर्वोच्च न्यायालयाने ती १९८३ मध्ये रद्द केली. आज शासकीय कर्मचाऱ्याला पहिले तीन महिने अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका भत्ता मिळतो. चौकशी त्याच्यामुळे रखडलेली नसेल, तर पुढे त्यात निम्म्यापर्यंत वाढ करता येते. त्यासाठी आपण दुसरीकडे नोकरी किंवा धंदा करत नसल्याचे प्रमाणपत्र त्याने द्यायचे असते. म्हणजे कार्यालय काम देणार नाही आणि बाहेर कमवायचीही सोय नाही. अशा घरात भत्ता दोन महिने उशिरा आला, तर मुलांची फी कोणी भरायची?

अजय कुमार चौधरी प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदतीची रेघ आखून दिली. तीन महिन्यांत दोषारोपपत्र बजावले नाही, तर निलंबन पुढे चालू ठेवता येत नाही. बजावले असेल, तर मुदतवाढीचा आदेश सकारण हवा. राज्य सरकारनेही ९ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने हेच सर्व विभागांना कळवले.

मुदत चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र कोणी जाब विचारत नाही. खरी मेख इथेच आहे. लाचखोराला पाठीशी घालावे, असे कोणीच म्हणत नाही. उलट, गुन्हा गंभीर असेल तर चौकशी अधिक वेगाने व्हायला हवी. चौकशी रखडली की साक्षीदार निवृत्त होतात, कागद गहाळ होतात आणि शेवटी दोषी माणूसही सहीसलामत सुटतो. कर्मचारी निर्दोष ठरला, तर थकीत वेतन जाते ते जनतेच्याच तिजोरीतून. म्हणून नव्वदाव्या दिवशी दोषारोपपत्र तयार नसेल, तर त्याचा लेखी खुलासा संबंधित अधिकाऱ्याकडून घ्यावा आणि त्याची नोंद त्याच्याच सेवापुस्तकात करावी.